जाळ हवेचा असतो

(न्यू हॅम्पशायरमधल्या मराठी कुटुंबांच्या संक्रांतीच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तिळगूळ सगळ्यांना पोचला ना? मागच्या रांगेत डबा अजून गेलेला दिसत नाही. आधी तो जाऊ द्या, मी थांबतो. हां, झालं.

पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘पेलेट स्टोव्हमधला जाळ कसा ओळखावा’. पेलेट स्टोव्ह म्हणजे लाकडाच्या बारीक कांड्या, म्हणजे पेलेट, जाळून घर तापवणारी पंख्याची शेगडी. पाऊण तास दिलाय. सुरुवातीलाच एक विचारतो. ज्यांच्या घरी पेलेट स्टोव्ह आहे आणि ज्यांच्या स्टोव्हची काच इतकी काळी झालीय की आतला जाळ नीट दिसत नाही, त्यांनी हात वर करा. सात. बरं, आता ज्यांनी शेजारी बसलेल्या यजमानांकडे बघून हात खाली घेतला, त्यांनीही करा. अकरा! म्हणजे मी योग्य खोलीत आलोय.

या अकरा जणांपैकी बहुतेकांनी काय केलं असेल ते मला ठाऊक आहे. पेलेटच्या पिशवीला दोष दिला असेल. ‘या वर्षीचा माल खराब आला.’ दुसऱ्या छापाच्या पिशव्या आणल्या असतील. मी आज जे सांगायला उभा आहे ते एवढंच, की जाळ लाकडाचा नसतो, जाळ हवेचा असतो. लाकूड नुसतं निमित्त पुरवतं. जाळाचा रंग, उंची, शेंडा, त्याची हालचाल हे सगळं हवेबद्दल बोलत असतं. हवा किती येतेय, कुठून येतेय आणि जिथून यायला हवी तिथूनच येतेय का. ही गोष्ट मला चाळीस वर्षांपूर्वी एका माणसानं शिकवली. त्या माणसाकडे मी येणारच आहे, पण त्याच्याही आधी माझ्या आईकडे जावं लागेल.

तुमच्यापैकी ज्यांचं लहानपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गावाकडे किंवा गिरणगावात गेलं, त्यांना भुशाची शेगडी आठवत असेल. माना हलतायत, छान. तरुण मंडळींसाठी सांगतो. पत्र्याचा डबा, तेलाच्या डब्याएवढा. त्याला तळाशी बाजूला एक भोक. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, तळाच्या भोकातून एक दांडा आत सरकवून बाटलीला टेकवायचा, आणि भोवती लाकडाच्या वखारीतून आणलेला भुसा ठासून भरायचा. ठासून म्हणजे अगदी मुठीनं ठोकून. मग बाटली गोल फिरवत अलगद वर काढायची, दांडा बाजूनं काढायचा. मधे उभी पोकळी आणि खाली आडवं बीळ. खालच्या बिळात कागदाचा बोळा पेटवून सरकवला की शेगडी सुरू. तीन-तीन तास कुणी हात लावायचा नाही. आमच्या घरी सकाळचं आंघोळीचं पाणी आणि डाळ-भात एवढं एका डब्यात व्हायचं.

भुसा भरायचं काम माझं होतं. एकदा मी घाईत सैल भरला. पोकळी ढासळली आणि घरभर असा धूर झाला की शेजारच्या काकू धावत आल्या. मी आईला म्हणालो, ‘भुसा ओला होता.’ आईनं मूठभर भुसा हातात चोळून बघितला. कोरडा ठणठणीत. ती म्हणाली, ‘भुशाला नावं ठेवू नको, भोक बुजलंय ते बघ.’ माझ्या आयुष्यातलं ज्वलनशास्त्राचं ते पहिलं वाक्य. पुढे इंजिनिअरिंगला बॉयलरचं जाडजूड पुस्तक अभ्यासलं, पण त्यात या वाक्याच्या विरुद्ध जाणारं मला काही सापडलं नाही.

तिची दुसरी युक्ती बघा. डाळ शिजत आली की ती खालच्या बिळाच्या तोंडाशी विटेचा तुकडा सरकवायची. अर्धं तोंड बंद. आच मंद. भुसा तेवढाच, डबा तोच, पण जाळ अर्धा. तुमच्या पेलेट स्टोव्हच्या मागे किंवा बाजूला एक दांडी असते, आत-बाहेर सरकणारी. बऱ्याच जणांनी तिला कधी हातही लावलेला नसतो. तो माझ्या आईचा विटेचा तुकडा आहे.

आता त्या डब्यात नेमकं काय जळत होतं? तुम्ही म्हणाल भुसा. थोडं थांबा. मेणबत्ती फुंकून विझवली की वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाते. त्या रेघेला वरच्या वर पेटती काडी लावा, जाळ रेघेवरून खाली उडी मारतो आणि वात पुन्हा पेटते. आज इथे करून दाखवणार होतो, पण हॉलमध्ये ज्योत लावायला परवानगी नाही. घरी मुलांना दाखवा. तो पांढरा धूर म्हणजे मेणाची वाफ. जळते ती वाफ. लाकडाचंही तसंच. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी उडतं. मग दोनशे-तीनशे अंश सेल्सियसच्या पुढे लाकूड फुटायला लागतं, म्हणजे त्याचे रेणू तुटतात आणि वायू सुटतात. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन आणि डांबरासारख्या जड वाफा. कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊन निघून जातो. मागे उरतो तो कोळसा, तो जाळाशिवाय निखारा होऊन जळतो. आपण ज्याला जाळ म्हणतो ती त्या वायूची आणि हवेची भेट आहे. भुशाच्या शेगडीत भिंतीतून वायू सुटायचा, खालून हवा यायची आणि पोकळीत दोघांची गाठ पडायची. पोकळी ढासळली की वायू सुटतच राहतो, पण भेट होत नाही. न झालेल्या भेटीला आपण धूर म्हणतो.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण दर हिवाळ्यात मला याबद्दल फोन येतात. आपल्या घरच्या गॅसच्या शेगडीवर ज्योत निळी असेल तर चांगली, पिवळी झाली की बर्नर साफ करायचा, हे आपल्या हाडात भिनलंय. म्हणून पेलेट स्टोव्ह घेतलेला माणूस घाबरून विचारतो, ‘काका, जाळ पिवळा आहे, काय बिघडलं?’ काही बिघडलेलं नाही. गॅसच्या शेगडीत हवा आणि गॅस बर्नरच्या आतच मिसळतात, एकत्र होऊन बाहेर येतात, म्हणून निळी ज्योत. लाकडाचा वायू आणि हवा जळता जळता मिसळतात. या मिसळण्याच्या काळात वायूतल्या कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, ते तापून झळाळतात, आणि ती झळाळी म्हणजे पिवळा रंग. म्हणजे पिवळ्या जाळात काजळी असतेच! प्रश्न एवढाच, की ती काजळी शेंड्यापर्यंत पोचताना जळून जाते, की तशीच निसटते. जळाली तर शेंडा स्वच्छ आणि टोकदार. निसटली तर शेंडा काळपट आणि काच काळी. म्हणून मी नेहमी सांगतो, जाळाच्या पोटाकडे बघू नका, शेंड्याकडे बघा.

हे शेंड्याकडे बघणं मला शिकवलं बॉयलरची भट्टी सांभाळणाऱ्या आमच्या फायरमन मामांनी. 1980च्या दशकात मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर विभागात शिकाऊ म्हणून लागलो. साखर कारखाना चालतो बगॅसवर, म्हणजे रस काढल्यावर उरलेल्या उसाच्या चोथ्यावर. या चोथ्यात जवळपास निम्मं पाणी असतं. निम्मं पाणी असलेलं इंधन जाळून वाफ करायची! सगळं कसब हवेत. बॉयलरला एक पंखा हवा आत ढकलतो, दुसरा धूर ओढून धुराड्यात सोडतो, आणि दोघांचा तोल असा राखायचा की भट्टीत बाहेरच्यापेक्षा दाब किंचित कमी राहील. अगदी किंचित, पाण्याच्या काही मिलिमीटरएवढा. कमी असला म्हणजे जाळ बाहेर येत नाही, हवा आत जाते.

मामा चौथीपर्यंत शिकलेले. भट्टीच्या भिंतीत बघायला लहान झरोका होता. मामांच्या खिशात गडद निळ्या काचेचा तुकडा असायचा, तो डोळ्याला लावून ते झरोक्यातून बघायचे. पिवळ्या झगमगाटात उघड्या डोळ्यांना काही दिसत नाही, निळी काच तो झगमगाट खाऊन टाकते आणि जाळाचा आकार दिसतो. माझ्याकडे धुराचं पृथक्करण करायचं ऑर्सॅटचं यंत्र होतं, काचेच्या नळ्यांचं, कार्बन डायऑक्साइड मोजायचं. मी वीस मिनिटं खटपट करून आकडा काढायचो आणि मामा तोवर डँपर, म्हणजे हवेची झडप, दोन बोटं उघडून मोकळे झालेले असायचे. एकदा विचारलं, ‘मामा, तुम्हाला कसं कळलं?’ म्हणाले, ‘साहेब, जाळाला दम लागलाय, दिसत न्हाई का?’ आणि त्यांनी ती निळी काच माझ्या हातात दिली. दम लागलेला जाळ! लांबट, मऊ, डुलणारा, शेंड्याला काळसर. धावून आलेला माणूस तोंड उघडं टाकून श्वास ओढतो तसा तो जाळ हवा शोधत वर वर जात असतो. जाळ उंच आहे म्हणजे जोरात आहे असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात खाली भेट झाली नाही म्हणून वायू हवेच्या शोधात उंच गेलेला असतो.

2006 साली आम्ही दोघं मुलाकडे इकडे आलो. न्यू हॅम्पशायर, तळघरात तेलाचा बॉयलर आणि दिवाणखान्यात पेलेट स्टोव्ह. पहिल्या दिवशी मी त्या स्टोव्हची मागची जाळी काढून आत डोकावलो आणि मला इतका आनंद झाला की मी हिला हाक मारून बोलावलं. मागे धूर ओढणारा पंखा. आत किंचित कमी दाब. खालून भोकांतून हवा. आपल्या दिवाणखान्यात बगॅस बॉयलरचं पिल्लू बसलं होतं.

आणि इंधन? पेलेट म्हणजे भुसाच! लाकडाचा भुसा वाळवतात, दळतात आणि पोलादी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबानं ढकलतात. घर्षणानं तो तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि गार झाल्यावर तेच सगळं घट्ट धरून ठेवतं. वेगळा गोंद लागत नाही. माझी मूठ जे डब्यात करायची तेच काम हा दाब करतो. साधारण सहा मिलिमीटर जाडीची कांडी, ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी. चांगली कांडी पाण्यात टाका, लाकूड असूनही बुडते. आणि थोड्या वेळानं फुगून परत भुसा होते, म्हणून पिशव्या कोरड्या ठेवायच्या.

घरात मावेल असा पेलेट स्टोव्ह 1980च्या दशकात वॉशिंग्टन राज्यात जेरी व्हिटफिल्ड यांनी पुढे आणला. ते बोइंगमधले अभियंते. विमानाचा माणूस शेगडीकडे वळला, याचं मला फार अप्रूप वाटतं, कारण विमान हा शेवटी हवेचाच धंदा. 1970च्या दशकात तेलाचे भाव भडकले होते, लोक लाकडाकडे वळले, गावोगाव धूर साचायला लागला. कांडीसारखं एकसारखं इंधन मोजून टाकता येतं, म्हणून हवाही मोजून देता येते, हा त्यातला विचार.

आता एक किस्सा हवेच्याच बाजूनं. 1988 साली इथल्या पर्यावरण खात्यानं लाकडाच्या स्टोव्हच्या धुरावर नियम आणले. त्यात अशी तरतूद होती, की एक किलो लाकडामागे 35 किलोंहून जास्त हवा घेणाऱ्या स्टोव्हला तो नियम लागू नाही. म्हणजे काय झालं बघा. एक किलो कोरडं लाकूड पूर्ण जाळायला हिशेबानं सहा किलोंच्या आसपास हवा पुरते. प्रत्यक्षात मिसळण नीट व्हायला त्याहून जास्त द्यावी लागते, दीडपट, दुप्पट. पण 35? काही पेलेट स्टोव्ह मुद्दाम जादा हवा खातील असे बनवले गेले, म्हणजे तपासणीतून सुटका. ती जादा हवा काय करते? थंडगार आत येते, तुमच्या पैशानं तापते आणि धुराड्यातून बाहेर जाते. सव्वीस-सत्तावीस वर्षं हे चाललं. 2015च्या नव्या नियमानं पेलेट स्टोव्हलाही कक्षेत घेतलं आणि 2020पासून धुरातल्या कणांची मर्यादा तासाला दोन ग्रॅमवर आणली. माझा राग या गोष्टीचा आहे, की हवा हा ज्या यंत्राचा प्राण, तीच हवा पळवाटेसाठी वापरली गेली. कुणाकडे त्या काळातला जुना स्टोव्ह असेल तर जाळ आखूड आणि फरफरणारा दिसेल. ती त्याची ठेवण असू शकते, बिघाड नव्हे.

माझी मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे आणि ती मी सविस्तर सांगणार आहे. तिसऱ्या हिवाळ्यात आमच्या स्टोव्हच्या जाळाला दम लागला. केशरी, मऊ, डुलणारा जाळ. सकाळी पुसलेली काच संध्याकाळी काळी. दुकानात गेलो. ‘पेलेट खराब असतील.’ मुलानं दुसऱ्या आणल्या. मग तिसऱ्या. चाळीस पौंडांची एकेक पिशवी, गाडीतून काढून तळघरात न्यायची. जाळ तसाच. मग दुरुस्तीवाले आले. धूर ओढणारा पंखा बदलला. काहीशे डॉलर. दोन दिवस बरं वाटलं, कारण पंखा बदलताना त्यांनी आतली राखही काढली होती. पुन्हा तेच. मग दुसरे आले, त्यांनी नियंत्रणाचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बदलला. आणखी काहीशे. जाळ जसाच्या तसा.

मला दुखलं ते पैशाचं नव्हे. आलेल्या प्रत्येकानं पहिली गोष्ट काय केली? स्टोव्ह बंद केला! हात घालायचा तर बंद करावा लागतो, गरम धातूत कुणी हात घालू नये, हे मला मान्य आहे. पण आधी पाच मिनिटं खुर्ची ओढून बसा ना समोर. तो जाळ तुम्हाला सांगायला बसलाय आणि तुम्ही येताच त्याचं तोंड बंद करताय. वैद्य नाडी बघतो ती रोगी जिवंत असताना.

शेवटी एका रात्री मीच समोर बसलो. निळी काच नव्हती, पण डोळे मामांचे वापरायचे ठरवले. बराच वेळ बघत राहिलो. पंख्याचा आवाज नीट. पॉटची, म्हणजे कांड्या जळतात त्या भांड्याची, भोकं मी सकाळीच साफ केलेली. कांड्या कोरड्या. आणि मग दिसलं. सगळी काच काळी, पण खालच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर रुंदीची एक पट्टी अगदी स्वच्छ. का? काचेवर काजळी बसत नाही ती दोनच कारणांनी. एक तर जाळ स्वच्छ आहे, नाहीतर तिथून ताजी हवा काचेवर वाहतेय. म्हणजे दाराच्या त्या कोपऱ्यातून हवा आत शिरतेय.

आता इथे जरा नीट लक्ष द्या, कारण सगळं गुपित इथे आहे. पंखा ठरावीक जोरानं ओढतो. हवा आळशी, जिथून वाट सोपी तिथून येते. पॉटच्या तळाच्या बारीक भोकांतून, राखेतून, कांड्यांच्या ढिगातून वर चढणं अवघड. दाराच्या सैल कोपऱ्यातून येणं सोपं. तर हवा दारातून आली, जाळाच्या डोक्यावरून गेली आणि धुराड्यातून निघून गेली. एकूण हवा पुरेशी! पंखा खूश, दाब मोजणारा स्विच खूश, नियंत्रणाचा बोर्ड खूश. आणि जाळ मात्र तळाशी गुदमरतोय. स्टोव्हमधली हवा आणि पॉटमधली हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या घरी बिघडलेलं काही नव्हतंच, फक्त हवेनं वाट बदलली होती.

सकाळी स्टोव्ह पूर्ण गार झाल्यावर तपासलं. इथे लोक दारात डॉलरची नोट अडकवून ओढून बघतात. माझ्या पाकिटात दहा रुपयांची जुनी नोट होती, ती घेतली. दाराच्या कडेनं सगळीकडे अडकवून ओढली. घट्ट, घट्ट, घट्ट, आणि त्या कोपऱ्यात लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. दाराभोवतीचं दोरीचं गॅस्केट तिथे दबून सपाट झालं होतं. नवीन दोरी, उष्णता सोसणारा चिकट लेप, दार लावून एक दिवस वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी पेटवला. जाळ सरळ, आखूड, उजळ, शेंडा टोकदार. मी हिला परत हाक मारली. ती नोट अजून माझ्याकडे आहे. हे बघा. फिरवा पुढे, पण परत द्या.

अशीच एक गंमत आमच्या सुनेनं शोधली. संध्याकाळी सातच्या सुमारास रोज जाळ दमायचा. रोज सात. ती म्हणाली, ‘बाबा, मी फोडणी करते तेव्हाच होतं.’ बरोबर! फोडणीचा ठसका नको म्हणून ती ओट्यावरचा मोठा पंखा पूर्ण वेगात लावते. इथली घरं थंडीसाठी घट्ट बंद केलेली. तो पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, घरातच दाब कमी होतो, आणि स्टोव्हला हवा मिळवायला झगडावं लागतं. दोन पंख्यांची एकाच हवेसाठी ओढाताण. स्टोव्हला भिंतीतून बाहेरची हवा आणणारी स्वतंत्र नळी बसवली आणि प्रश्न मिटला. तोवर फोडणीच्या वेळी खिडकी दोन बोटं उघडत होतो. आणि त्या नळीच्या तोंडाला जाळी असते, तिच्यावर पानं, कोळ्याचं जाळं आणि हिवाळ्यात बर्फ साचतं, तेही बघत जा.

चिठ्ठी आली. सात मिनिटं? बरं. म्हणजे पत्रिकेत जे छापलंय ते आता सात मिनिटांत. वहीपेन काढा.

चांगला जाळ उजळ पिवळा, चपळ, शेंड्यांना टोक, आणि मंद आचेवर वीतभराहून आखूड. काचेवर दिवसभरात फिकट राखाडी-तपकिरी पूड बसणं साधारण आहे, ती कोरड्या फडक्यानं निघते. चकचकीत काळा थर साधारण नाही.

जाळ खाली-वर होतो म्हणून घाबरू नका. कांड्या ढकलणारा मळसूत्री दांडा अखंड फिरत नाही, काही सेकंद फिरतो, थांबतो. कांड्या पडल्या की जाळ क्षणभर दबतो, मग उसळतो, मग उतरतो. हा त्याचा श्वास आहे. हा ताल बिघडला, मधेच फार वेळ जाळ पडला, तर दांडा अडकलाय किंवा हॉपरच्या, म्हणजे कांड्या भरायच्या पेटीच्या, तळाशी भुगा साचलाय.

केशरी, लांब, डुलता जाळ, काळा शेंडा म्हणजे पॉटमध्ये हवा कमी. तपासायचा क्रम असा: आधी पॉटची भोकं, मग आतल्या पत्र्यांमागची राख, मग धुराची नळी, मग बाहेरची जाळी, मग दाराचं गॅस्केट. पिशवीवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. पिशवीचाही दोष असतो, नाही असं नाही. कांडीत साल किंवा माती जास्त असेल तर राखेतली द्रव्यं वितळून पॉटमध्ये वीटभट्टीतल्या खंगरासारखा दगड धरतो. पण तो दगड करतो काय? भोकं बुजवतो. म्हणजे पुन्हा हवाच.

उलट, जाळ फार आखूड, पांढरट, भात्यासारखा फरफरतोय, पेटत्या कांड्या उडून पॉटबाहेर पडतायत, म्हणजे हवा जास्त. आईची वीट थोडी आत सरकवा. एका वेळी थोडीच, आणि मग पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघा. जाळ लगेच उत्तर देत नाही.

निखाऱ्यावर निळसर जिभा दिसल्या तर तो कार्बन मोनॉक्साइड जळतोय. जळतोय ते चांगलं. न जळता घरात आला तर जीव घेतो, आणि त्याला वास नाही. स्टोव्ह असलेल्या मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर त्याचा अलार्म हवाच, आणि त्याला बॅटरी हवी, कारण वीज गेली की धूर ओढणारा पंखा थांबतो आणि पॉटमध्ये कांड्या जळतच असतात. धुराच्या नळीला बाहेर थोडी उभी चढण दिलेली असेल तर गरम धूर आपला आपण वर ओढला जातो. नळी भिंतीतून नुसती आडवी काढलेली असेल तर तो खोलीत येऊ शकतो. डिसेंबर 2008च्या बर्फवादळात वीज गेली त्या रात्री आमच्याकडे थोडा आलाच होता, आम्ही खिडक्या उघडून बसलो.

आणि सर्वांत महत्त्वाचं, पेटताना. सुरुवातीला पांढरा धूर येतो, काही मिनिटांनी जाळ धरतो. नाही धरला तर वरून मूठभर कांड्या आणखी टाकू नका, आणि धूर कोंडलेला असताना दार उघडू नका. तो धूर म्हणजे मेणबत्तीची ती पांढरी रेघ, पेटीभर साचलेली. एका ठिणगीनं सगळी एकदम पेटते आणि काच फुटू शकते. बंद करा, गार होऊ द्या, पॉट रिकामा करा, मगच पुन्हा.

वेळ संपली? एकच प्रश्न घेतो, मघापासून पहिल्या रांगेतल्या वहिनी फोन पुढे धरून बसल्यात. आणा. हा तुमच्या घरचा जाळ? कालचा? आवाज नको, चित्र पुरे. हं. रंग चांगला आहे. शेंडा... शेंडा ठीक. पण बघा, सगळा जाळ उजव्या अंगाला उभा आहे आणि डावीकडे कांड्या काळ्या पडून नुसत्या साचल्यात. वाऱ्यानं नाही, वारा असता तर हलला असता, हा एका जागी ठाम आहे. डावीकडची भोकं बुजलीत, वहिनी. उद्या सकाळी गार झाल्यावर पॉट बाहेर काढा, खिळ्यानं प्रत्येक भोक मोकळं करा आणि खिडकीसमोर उजेडात धरा. सगळ्या भोकांतून उजेड दिसला की परत बसवा.